म्हातारीसकट हाजर

परवा नगरला एका सभागृहात परिसंवाद होता. घरच्या आजाऱ्या-पांगळ्यांना जी माणसं वर्षानुवर्षं फुकट सांभाळतात, त्यांच्यासाठी सरकारनं काही धोरण आखावं की नाही, असा विषय. पंखे चांगले होते आणि चहा मिळणार होता, त्यामुळे आम्हा पेन्शनरांची गर्दी बरी होती. एका वक्त्यानं 'सेवाभाव' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की माझ्या शेजारचे गृहस्थ डुलक्या घेऊ लागले. मला मात्र डुलकी येईना. सारखं वाटत होतं की आता मागच्या दारातून झुंबरबाई आत येणार, कमरेवर हात ठेवून त्या वक्त्यासमोर उभी राहणार आणि विचारणार, "मग?"

हा 'मग?' मी बहात्तरच्या दुष्काळात पहिल्यांदा ऐकला. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी माशा मारत होतो. दुष्काळी कामं निघाली, सरकारला हजेरी कारकून कमी पडले आणि त्यात माझी वर्णी लागली. पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, एका पाझर तलावाचं काम चालू होतं. दिसेल तिकडे माती आणि माती उपसणारी माणसं. सकाळी हजेरी, मग दुपारची भाकर झाल्यावर पुन्हा हजेरी. दुपारी जो जागेवर नसेल त्याचा दिवस गेला. नियम साधा होता आणि तो वाचून दाखवण्याचं काम माझं होतं.

झुंबरबाई हाडापेरानं मोठी. तिशी नुकती ओलांडलेली असेल, पण मिश्रीनं काळे पडलेले दात आणि कपाळावरच्या आठ्या यांमुळे जास्त वाटायची. चालताना पुढे बघायची, खाली कधीच नाही. त्यामुळे ठेचा खायची आणि दगडालाच शिव्या द्यायची. नवरा किसन ऊसतोडीला गोदावरीच्या पट्ट्यात गेलेला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, दोघं मिळून एक कोयता धरतात; एकटा गेला तर अर्धाच कोयता. पण झुंबरबाईला जाता येत नव्हतं, कारण घरी सासू होती, आणि सासूला लकवा झाला होता. एक हात आणि दोन्ही पाय गेलेले. कूस बदलायची तर दुसऱ्यानं बदलायची, घास भरवायचा तर दुसऱ्यानं भरवायचा. तोंड वाकडं झालं होतं, त्यामुळे "पाणी दे" हे कुणाला कळायचं नाही. शिव्या मात्र स्वच्छ यायच्या. देवाची करणी म्हणतात ती अशी.

पहिल्या आठवड्यात झुंबरबाई रोज सकाळी हजर असायची आणि दुपारी गायब. टेकाडापलीकडे घरी जायची, म्हातारीचं आवरायची आणि धापा टाकत परत यायची, तोवर दुपारची हजेरी होऊन गेलेली असायची. शेजारीपाजारी कुणावर सोपवावं म्हटलं तर गावात दिवसा कुत्रं राहत नव्हतं. सगळा गाव तलावावर. मुकादम म्हणाला, "दुपारची न्हाई तर सकाळची बी न्हाई. नाव काढा हिचं." नाव निघालं तर मजुरी गेली, कामावर खायला मिळणारी सुकडी गेली, आणि चूल पेटण्याचा प्रश्नच मिटला. कामावर यावं तर म्हातारी दिवसभर ओल्यात पडून सडणार, घरी राहावं तर दोघी उपाशी मरणार. यात तिसरी वाट मला तरी दिसत नव्हती.

मी तिला समजुतीच्या सुरात म्हणालो, "बाई, तुम्ही सासूची एवढी सेवा करता, पुण्याचं काम आहे."

"मग?" ती म्हणाली.

पुढे काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं. कुणीही तिचं कौतुक केलं, 'सून असावी तर अशी' म्हटलं, की ती हा एवढाच शब्द टाकायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. बोलणाऱ्याला वाटायचं आपलं वाक्य अर्धं राहिलं आहे, आणि ते पुरं करायला त्याच्याकडे काहीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावरून काहीतरी विचित्र आकार उतरताना दिसला. जवळ आल्यावर कळलं, झुंबरबाई सासूला पाठुंगळी घेऊन येत होती. म्हातारीला जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधलेलं, आणि म्हातारी तिच्या कानाशी अखंड शिव्या घालत होती. "भवाने, पाडतीस का मला? माणसांत माझी अब्रू घालवलीस!" झुंबरबाई खालून तितक्याच जोरात सांगत होती, "आत्याबाई, गप ऱ्हावा. उतार हाय. पाडलं तर माजंबी कंबरडं मोडंल." सगळी टोळी टिकाव-फावडी टाकून बघत राहिली. कुणी हसलं, कुणी पदर डोळ्यांना लावला. झुंबरबाईनं दोघांकडेही सारखंच खाऊ की गिळू असं पाहिलं.

मी हजेरी घेत होतो. तिचं नाव आलं.

"म्हातारीसकट हाजर," ती म्हणाली.

तेव्हापासून ती रोज तसंच उत्तर द्यायची. सगळे हसायचे, ती हसायची नाही.

कामावर एक पत्र्याची शेड होती. मजूर बायकांची तान्ही पोरं तिथे लुगड्याच्या झोळ्यांत निजवलेली असायची आणि ती सांभाळायला एक वयस्क बाई सरकारनंच नेमलेली होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. तिला मातीत उतरावं लागत नसे, पण रोजची हजेरी लागत असे. झुंबरबाईनं सासूला त्याच शेडच्या कडेला नेऊन ठेवलं. माती वाहता वाहता अधूनमधून यायची, कूस बदलायची, खालचं काढायची, हात धुऊन परत पाटी उचलायची. मुकादम ओरडला, "दर घटकेला कुठं पळतीस? हिकडं माती कोन वाहणार?"

झुंबरबाई पाटी खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "मुकादम, ती मावशी काय करती वो?"

"पोरं सांभाळती."

"त्येंचं गू-मूत काढती, हागरी पोरं धुती. तिला हजेरी. बराबर हाय, मिळायलाच पायजे. मंग पोराचं काढलं तर काम, आन् म्हातारीचं काढलं तर पुण्य? ह्यो कुठला न्याय काढला तुमी?"

मुकादम माझ्याकडे वळला. मी मस्टरकडे, म्हणजे हजेरीच्या वहीकडे, बघितलं. मस्टरात त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

यावरून कुणाला वाटेल की सासूवर तिची फार माया असेल. मलाही वाटलं होतं. एकदा शेडच्या सावलीत ती म्हातारीला मिलोची भाकर पाण्यात कुस्करून भरवत होती. ती तांबडी परदेशी ज्वारी जनावरांनीही तोंड फिरवावं अशी. म्हातारी घास थुंकत होती, झुंबरबाई तो पदरानं पुसून पुन्हा भरवत होती. मी म्हणालो, "फार जीव आहे तुमचा सासूवर."

"कशाचा जीव?" ती म्हणाली. "नवी व्हते तवा माज्या हातनं घागर फुटली. हिनं मला दिसभर उन्हात उभी केली व्हती, गाव बघत व्हतं. मी न्हाई इसरले, आन् हीबी न्हाई इसरली. इचारा."

म्हातारीनं वाकड्या तोंडानं काहीतरी म्हटलं. झुंबरबाईनं भाषांतर केलं, "म्हनती, नवी घागर व्हती."

"मग तरी सगळं करता?"

"भाऊसाहेब, माया असंल नसंल, कधी येती कधी जाती. गू रोज हाय." तिनं पुढचा घास केला. "मायेनं केलं आसतं तर एखाद्या दिशी नसतं केलं. काम हाय म्हनून रोज व्हतं. काम हाय ते, काम म्हना."

हे एवढं एक वाक्य तिला जगाकडून हवं होतं. मला ते तेव्हा नीट कळलं असं म्हणत नाही, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडून 'सेवा' हा शब्द निघेनासा झाला.

तिचं बघून दुसरी माणसं धीट झाली. एकीनं आंधळ्या सासऱ्याला हाताला धरून आणलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. दुसरीनं पाय गेलेली आपली लेक, कमळी, खांद्यावर घेऊन आणली. शेडमध्ये एका अंगाला झोळ्या हलत, दुसऱ्या अंगाला खोकला चालू असे. तात्या आंधळे असून झोळीची दोरी फार छान ओढत, आणि कमळी म्हातारीच्या शिव्या पाठ करत असे. सगळ्यांचं बघायला अर्थातच झुंबरबाई. त्यामुळे तिच्या पाट्या कमी भरू लागल्या आणि टोळीच्या बायका कुरकुरू लागल्या, कारण मोजमाप सगळ्या टोळीचं मिळून व्हायचं आणि मजुरी त्यावर. मुकादमानं सांगून टाकलं की साहेब यायचेत, ते आले की या गोष्टीचा निकाल लागेल आणि शेड मोकळी होईल.

साहेब आले. जीपमधून एक स्थानिक पुढारीही उतरले. आमच्या भागातल्या पुढाऱ्याला दुष्काळातही भाषण कमी पडत नसे. त्यांना कुणीतरी झुंबरबाईची गोष्ट सांगितली होती, आणि त्यांनी येतानाच लुगडं, चोळीचा खण आणि नारळ असा सरंजाम आणला होता. सगळ्यांना जमवून त्यांनी श्रावणबाळापासून सुरुवात केली. तो कावडीतून आईबापांना घेऊन कसा निघाला, आणि आज आपल्या तालुक्यात ही माउली कशी त्याच्या वरताण निघाली. मग म्हणाले, "अशा माउलीचा सत्कार करताना माझा ऊर भरून येतो."

"मग?" झुंबरबाई म्हणाली.

पुढारी थांबले. त्यांच्या उभ्या हयातीत भाषणात कुणी असं मध्ये विचारलं नसावं.

"लुगडं नको," ती म्हणाली. "हजेरी द्या. त्या शेडात मी दिसभर राबती, त्येची हजेरी द्या. आन् ती माती वाहल्याची न्हाई, सांभाळल्याची."

साहेब माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "बाई, सरकार रस्त्याचे, तलावाचे पैसे देतं. मुलांसाठी बाई ठेवायची तरतूद आहे. पण आपली सासू सांभाळणं हे काही काम नाही. ते घरचं कर्तव्य आहे. त्याला नियम नाही."

झुंबरबाईनं नारळ मात्र उचलला. साहेबांना वाटलं, पटलं हिला. तिनं तो जीपच्या पुढच्या लोखंडावर आपटून फोडला, खोबऱ्याचे तुकडे शेडमधल्या पोरांच्या हातावर ठेवले, एक तुकडा दातांनी बारीक करून म्हातारीच्या तोंडात घातला. मग म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि सरळ साहेबांच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर नेऊन बसवलं.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी म्हनता हे काम न्हाई. मंग सोपंच हाय की. दुपारपत्तूर तुमी ऱ्हावा म्हातारीपाशी. काम न्हाई, तवा नुसतं बसायचंच हाय. मी सरकारचं काम करती." आणि पाटी उचलून खड्ड्यात उतरली.

पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटली. मुकादम हाका मारू लागला, तिनं वर पाहिलं नाही. पुढारी म्हणाले, उतरवा म्हातारीला. ड्रायव्हर पुढे झाला तर म्हातारीनं चांगल्या हातानं जीपची दांडी घट्ट धरली आणि त्याच्या आईबापांचा उद्धार केला. जन्मात मोटारीत न बसलेली बाई, पण बसली अशी की गाडी तिच्या बापजाद्यांची. साहेब स्वतः गेले, "आजी, खाली या" म्हणाले. तेव्हा म्हातारीनं मान हलवली आणि वाकड्या तोंडानं, सावकाश, प्रत्येक अक्षर ओढत जे म्हटलं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

"न्हाई उतरायची. माझी सून आल्याबिगर न्हाई."

आयुष्यभर भवाने, सटवे म्हणणाऱ्या तोंडातून 'माझी सून' आलं होतं. खड्ड्यात झुंबरबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. पण ती वर आली नाही, हे महत्त्वाचं. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि पुढे गेली. तिच्यामागे टोळीतल्या बायकांनी, ज्या काल कुरकुरत होत्या त्यांनी, फावडी खाली ठेवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. ऊन तापत चाललं. थोड्या वेळानं म्हातारीचा नाइलाज झाला आणि सीट भिजली. ड्रायव्हर उडी मारून बाजूला झाला. पुढारी आपली टोपी सारखी करत दूर बाभळीखाली गेले. सरकारी धोरण कुठे ठरतं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, मी एकदा जीपच्या सीटवर ठरताना पाहिलं आहे.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "बरं बाई. तुला पाणीवाली म्हणून घालतो. पाण्याच्या बाईला हजेरी असते. झालं?"

मला वाटलं, आता सुटला तिढा. मी पेन काढलं.

"न्हाई झालं," झुंबरबाई म्हणाली. "पानी शांता वाटती. तिचा नवरा मेलाय. तिच्या पोटावर पाय दिऊन मी हजेरी घिऊ? आन् पानी मी वाटतच न्हाई तर खोटं कशापायी सांगू? म्हातारीला सांभाळती, तात्याला सांभाळती, कमळीला सांभाळती. तेच बोला."

"अगं, पैसे तेवढेच मिळतील!"

"पैशाला कोन न्हाई म्हनतंय? पन मी चोरी करत न्हाई, सायेब. चोरून कशाला घिऊ?"

साहेबांनी घाम पुसला. जीपकडे पाहिलं, खोळंबलेल्या टोळीकडे पाहिलं. शेवटी मला म्हणाले, "शेडसाठी दुसरी बाई. पोरं, म्हातारी, जे असतील ते सांभाळायला. हे काम चालू आहे तोवर." आणि तिच्याकडे वळून, जरा चिडूनच, "काम म्हणून. झालं?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "आता आनती खाली."

ती गेली आणि म्हातारीनं दांडी सोडली. झुंबरबाईनं आपल्या पदरानं जीपची सीट पुसून दिली. लुगडं तिनं घेतलं नाहीच. पुढाऱ्यांनी ते परत नेलं, आणि पुढच्या गावात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर घातलं असं ऐकलं.

त्यानंतर म्हातारी फार काळ राहिली नाही. एका पहाटे गेली. किसन ऊसतोडीवरून आला. बायका भेटायला येत आणि रीतीप्रमाणे म्हणत, "सुटली बिचारी. तूबी सुटलीस गं बाई."

"मी कशाची सुटले?" झुंबरबाई त्यांच्या अंगावर जायची. "काय कैदेत व्हते का?" आणि मग तोंड फिरवून ढसाढसा रडायची. तेव्हा कुणी 'माया आहे' म्हणायची हिंमत केली नाही.

दहाव्याला मीही गेलो होतो. कोरड्या नदीत दगडावर पिंड ठेवला. दुष्काळात कावळेसुद्धा उपाशी होते, झाडावर बसून आशाळभूतपणे बघत होते, पण एकही पिंडाला शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग जिवंतांनी वचनं द्यायची. किसन हात जोडून म्हणाला, "आये, रोज दिवा लावीन." कावळा हलला नाही. "वर्षाला गाव जेवू घालीन." दुष्काळात हे वचन ऐकून भावकी चपापली, पण कावळा नाहीच. "आये, झुंबरला आता संगं नेतो, कोयत्यावर, तिचे हाल संपले बघ." कावळ्यानं पाठ फिरवली.

बायका लांब उभ्या होत्या. तिथून झुंबरबाईचा आवाज आला, शेडमध्ये यायचा तसाच, खणखणीत. "आत्याबाई! हजेरी न्हाई सोडत मी! तात्याला आन् कमळीला वाऱ्यावर न्हाई टाकत. या आता, लई भाव खाऊ नका!"

कावळा खाली आला आणि शिवला. मी शपथेवर सांगतो. भूक लागली असेल त्याला, माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण भावकीतली म्हातारी माणसं रडली, आणि किसन एकटाच ऊसतोडीला परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होतो. तिचं नाव आलं तसा माझा आवाज जरा खाली गेला. रोज हसणारी माणसं जमिनीकडे बघू लागली.

"हाजर," झुंबरबाई म्हणाली. मग पदर खोचत, "नुसती."

मुकादमानं टिकाव तिच्या पुढ्यात टाकला. "म्हातारी गेली. आता शेडात तुजं काय काम? तुजं मानूस व्हतं तवर चाललं. उतर खाली."

तिनं टिकाव ओलांडला. ठेच लागली नाही त्या दिवशी. शेडकडे चालत गेली, तात्यांच्या डोळ्यांवरच्या माश्या पदरानं हाकलल्या, त्यांच्या हातात झोळीची दोरी दिली, कमळीला उचलून सावलीत सरकवलं. मग तिथूनच, मुकादमाकडे न बघता, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"ओ मुकादम, मानूस गेलं. काम न्हाई गेलं."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. मी तिची हजेरी मांडली आणि पुढचं नाव पुकारलं.